छोट्या कॅसेटमधली आजी

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी बाबांना घेऊन भाईंदर पश्चिमेच्या एका दुकानात गेले होते. तिथे जुन्या कॅसेटमधलं चित्रण मोबाइलवर घेऊन देतात. मी घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात.

कॅसेट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मोठ्या काकांनी आखातातून कॅमेरा आणि व्हिडिओ मशीन आणलं होतं. मोरव्याला, आमच्या गावी, आत्याच्या लग्नात त्यांनी आजीचं चित्रण केलं. आजी धवलारीण होती, गावातल्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायची.

दुकानदाराने कॅसेट पाहिली आणि परत दिली. "अंकल, ये छोटावाला है. बड़ावाला होता तो अभी कर देता. इसकी मशीन ही नहीं मिलती."

"माजी आय गाते त्यात," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर बाबांनी सांगितलं, काकांच्या आता बंद पडलेल्या मशीनचं चित्र जास्त स्वच्छ दिसायचं. पण नंतर गावात आलेली सगळी मशीनं मोठ्या कॅसेटची. लोक एकमेकांच्या कॅसेटी मागून न्यायचे. आमची कुणाच्याच मशीनमध्ये बसत नव्हती, म्हणून कुणी मागितली नाही, दुसरी प्रतही निघाली नाही. चांगली असूनही ती एकटी पडली.

रिक्षात बाबांनी आजीचा एक धवला म्हणून पाहिला. दुसऱ्या ओळीला अडले. "पुढं न्हाय येत गो."

छोटी कॅसेट चालवणारं मशीन कुणाकडे असेल तर कळवा. पण त्याआधी सांगा, तुमच्या घरात धवले येणारी कुणी आहे का? मी शिकायला कधी येऊ?