अर्पणाचं पान

माझ्या पुस्तकावर पहिला अभिप्राय पाण्याचा पडला.

वाशीमच्या एका वाचनालयाची पायरी. खालच्या पायरीवर पुस्तक ठेवून मी चार पावलं मागं सरलो. शिपाई तांब्या घेऊन आला. पुस्तकावर पाणी शिंपडलं, मग दोन बोटांनी उचलून आत नेलं. कव्हराचा लाल रंग ओघळून त्याच्या धोतराला लागला. मला हसू आलं. त्या दिवशीचं तेवढंच.

आसेगावाकडच्या महारवाड्यातल्या शाळेचा मी मास्तर. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या हकिगती दहा वर्षं लिहून काढल्या. पुण्याच्या प्रकाशकांनी परत पाठवल्या. एकानं तर न उघडताच. सुतळीची गाठ माझीच होती, ओळखली मी. शेवटी अकोल्याच्या छापखान्यात स्वतःच तीनशे प्रती काढायला घेतल्या. वर्तमानपत्रवाले म्हणाले, आधी कुणा मोठ्या माणसाचा अभिप्राय आणा.

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काहीतरी आपटतंच. वाचनालयाचे अध्यक्ष मोठे वकील. पुस्तक त्यांच्या चरणकमली अर्पण केल्याचं छापून मोकळा झालो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हणाला, "मास्तर, त्याइले इचारलं काय?"

"देवाले फूल वाह्यतानी इचारते काय कोनी?" मी म्हणालो. असा मी शहाणा.

वकीलसाहेब ओसरीवर आले. हातात ओलं पुस्तक.

"माझं नाव तुझ्या पुस्तकात? लोक काय म्हणतील? ते पान काढ. सगळ्या प्रतींतून, इथंच, माझ्यासमोर. मग एक प्रत कपाटात ठेवू. खालच्या खणात."

कडुनिंबाखाली माझा बा उभा होता. छापखान्यातून आलेला सगळा गठ्ठा स्टेशनापासून त्यानंच डोक्यावर आणलेला. बाला अक्षर येत नव्हतं. पण पोराचं पुस्तक वाशीमच्या कपाटात बसणार, हे तो घरोघर सांगून आला होता. कोणत्या तोंडानं परत नेऊ त्याला?

मी मातीत बसलो आणि फाडू लागलो.

फाडतानाही माझी मास्तरकी सुटेना. आधी नखानं रेघ ओढायची, मग पान अलगद ओढायचं. शिवण उसवू नये.

"नीटनेटका आहेस," वकीलसाहेब म्हणाले.

सांगायची लाज वाटते. मी खूश झालो.

वाऱ्यानं पानं उडू लागली. बा धावत आला, एकेक वेचू लागला. "कायले उडू देतं बापू? अक्षर पायाखाली येईन." वेचता वेचता माझ्याजवळ टेकला. हळूच म्हणाला, "याच्यात तुहं नाव कुठी हाय? मले आत्ताच दाखव. एकडाव कपाटात गेलं का मले कोन दाखवनार हाय?"

मी फाडलेली एक प्रत उघडली. पान उलटलं. पुन्हा मागं आलो. नव्हतं.

कागद वाचवायला मीच सांगितलं होतं. पानाच्या एका बाजूला पुस्तकाचं अन् माझं नाव, दुसऱ्या बाजूला अर्पण. कव्हरावर नाव घालायचा मला धीरच झाला नव्हता. आडनाव पाहून कोणी हात लावणार नाही, ही भीती. म्हणजे अख्ख्या पुस्तकात मी त्या एकाच पानावर होतो.

"तुह्या हातात हाय, बा."

बानं हातातल्या ढिगाकडं पाहिलं. "मंग पुस्तकात काय राह्यलं?"

माझे हात थांबले.

"मजकूर आहे ना?" वरून वकीलसाहेब म्हणाले. "नावाचं काय एवढं?"

"मंग तुमचं कायले फाडून राह्यलो, साहेब?"

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाशी घरच्या बोलीत बोललो. मग ओली प्रत रस्त्यावर येऊन पडली. "चालता हो."

परतीच्या वाटेवर बानं गठ्ठा मला घेऊ दिला नाही.

पुढं रिसोडला गेलो, मंगरुळला गेलो. वकीलसाहेबांचा शब्द माझ्या आधी पोचलेला असे. एकाही वाचनालयानं प्रत घेतली नाही, एकाही वर्तमानपत्रात ओळ आली नाही. वस्तीला वाचता येत नाही, वाचणाऱ्यांना मी चालत नाही. निम्म्या प्रती वाळवीनं खाल्ल्या. सगळा मजकूर वाचणारी तेवढीच.

उरलेल्यांतलं अर्पण मी शाईनं काळं केलं. एकेक ओळ, एकेक प्रत. फाडलेल्यांवर माझं नाव हातानं लिहिलं. आडनावासकट, कव्हरावर, मोठ्या अक्षरात.

आता कुणाच्या पायरीवर पुस्तक ठेवणार नाही. सगळं वाळवीला गेलं तरी नाही. ज्याला पाहिजे, त्यानं खाली उतरावं आणि माझ्या हातातून घ्यावं. हाताला हात लागेल. लागू दे.