कॅमेऱ्यासमोरचा पदर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही भलतंच काहीतरी मागून परत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, म्हणून असेल. जे ओळखत होते ते सगळे मला म्हणतात, किती केलंस गं आईसाठी! मी मान खाली घालून ऐकून घेते. त्यांना वाटतं, दुःखानं घातलीय.

मी पाथरीला शाळेत विज्ञान शिकवते. आई चुडाव्याजवळच्या खेड्यात एकटी राहायची. मी तिची एकुलती एक. वडील गेल्यावर तिला पाथरीला आणायला मी काय कमी विनवण्या केल्या? पण लेकीच्या घरी जाऊन राहायचं, जावयाचं अन्न रोज खायचं, हे तिला मरणाहून अवघड. दोन दिवस यायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. शेवटी मी तिच्या अंगणात कॅमेरा लावायचं ठरवलं. उन्हापावसात टिकणारा, इंटरनेटवर चालणारा.

बसवायला माणूस मिळाला असता. पण मला हौस — विज्ञानाच्या बाई ना मी! सुट्टीच्या दिवशी ड्रिल घेऊन गेले. दाराच्या वर, कुणाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर भोकं पाडली. कॅमेऱ्याचं तोंड जरा खाली झुकवलं, कारण सरळ ठेवलं की दुपारचं ऊन थेट काचेत यायचं. वायर भिंतीत शिरायच्या आधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच गळून पडतं, आत जात नाही. भोक सिलिकॉननं बुजवलं. आत सिमकार्डावर चालणारा राऊटर ठेवला आणि त्याला इन्व्हर्टर जोडला, कारण आमच्याकडच्या लाइटचा भरवसा कोण देणार? मग फोनवर ॲप घेतलं, कोड स्कॅन केला, पासवर्ड बदलला आणि आईचं अंगण माझ्या हातात आलं.

कुठवर दिसतंय ते बघायला मी आईलाच कामाला लावलं. बाजेवर बस. आता हौदापाशी जा. आता फाटकाजवळ. ती पोरीसारखी हसत तिथं तिथं जाऊन उभी राहायची. घराची मागची बाजू तेवढी येत नव्हती. तिथं होतं काय — धुण्याचा एक जुना दगड आणि बोरीचं झाड. तिकडं कोण जातंय, म्हणून मी सोडून दिलं.

पहिले काही महिने किती छान गेले! शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडायचा आणि फोनही उघडायचा. आई बाजेवर बसून केस विंचरतेय. आई तूर निवडतेय. आई उन्हाळ्याच्या दुपारी पदर बाजूला टाकून लिंबाच्या सावलीत निवांत झोपलीय. आपल्याच अंगणात बाई आणखी कशी असणार?

एकच गोष्ट मला छळायची. मिरच्या वाळवायला ती शिडी लावून अंगणातल्या गोठ्याच्या पत्र्यावर चढायची. त्या वयात! मी शाळेतून फोन करून ओरडायची, उतर खाली. ती म्हणायची, "आगं, तू पोरं शिकव की. हितं काय बघायलीस?" उतरायची आणि दुसऱ्या दिवशी परत वर. समजावलं, रडले, शपथ घातली. एका दुपारी ती परत शिडीवर दिसली आणि माझी सटकली.

आता येतंय ते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, नाही का? शिवी विसरता येते. मी शिवी दिली नाही. मी ती खाली येऊन फोन उचलेपर्यंत थांबले आणि अगदी थंडपणे म्हणाले, "हे पण बघतात, माहितीय का तुला? यांच्याही फोनवर दिसतं सगळं. कालच म्हणत होते, मामींच्या डोक्यावर पदर नसतो, केस मोकळे सोडून अंगणात पडलेल्या असतात, बरं दिसत नाही."

खोटं. अक्षर न् अक्षर खोटं. माझ्या नवऱ्याचं खताचं दुकान आहे. त्याच्या फोनवर ते ॲप कधी नव्हतंच. माझ्या आईबद्दल वाकडा शब्द त्याच्या तोंडून लग्नापासून निघालेला नाही.

मला नेमकं माहीत होतं मी कुठं मारतेय. आमच्याकडच्या जुन्या सासवा जावयासमोर उघड्या डोक्यानं येत नाहीत. आई तर तो आला की बाजेवरून उठायची आणि दाराआडून बोलायची. एवढी वर्षं तिनं ही अदब सांभाळली होती. त्या माणसानं आपल्याला केस मोकळे सोडून झोपलेलं बघितलंय — हे मी तिला सांगितलं. तिच्या पोटच्या पोरीनं.

फोनवर तिचा हळूच आवाज आला, "कवापासून बघायलेत?"

इथं तरी थांबता आलं असतं की नाही? मी म्हणाले, "पहिल्यापासून."

ती परत पत्र्यावर चढली नाही. मी जिंकले होते. स्टाफरूममध्ये बसून चवीनं चहा प्याले, तेही आठवतंय.

नंतर अंगण रिकामं होत गेलं. आधी बाज दिसेनाशी झाली. तिनं ती मागं नेली होती. मग निवडणं-टिपणं मागं, केस विंचरणं मागं. हौदावरचं धुणंही मागच्या दगडावर गेलं. अंगणात यायचीच वेळ आली तर दारातच पदर डोक्यावरून ओढून दातात धरायची, एकदा वर कॅमेऱ्याकडं बघायची आणि भरभर निघून जायची. स्वतःच्या अंगणातून, चोरासारखी.

मला हे सगळं दिसत होतं. कळतही होतं. थट्टा केली गं, एवढं म्हणायला काय लागतं? पण मग ती पुन्हा शिडी लावणार. शिवाय मी खोटं बोलले, तेही नवऱ्याच्या नावावर, हे उघडं पडणार. आणि खरं सांगू? रिकामं अंगण मला सोयीचं झालं होतं. अंगणात कुणी हललं की ॲपच्या सूचनेनं फोन वाजायचा, तो आता सारखा वाजत नव्हता. बघायची मधल्या सुट्टीत — कुणी नाही, म्हणजे आई आत पडली असेल आराम करत. डबा संपवायची.

त्या दिवशीही तसाच संपवला. आई तेव्हा मागं धुण्याच्या दगडाशी पडलेली होती. शेवाळावरून पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. शेजारची बाई संध्याकाळी दूध द्यायला आली तेव्हा तिला कण्हणं ऐकू आलं. नंतर मी रेकॉर्डिंग काढून बघितलं. सकाळी आई धुण्याची बादली घेऊन दारात येते. पदर घेते. वर बघते. कोपऱ्यावरून वळून मागं जाते. त्यानंतर दिवसभर अंगण.

गावातल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, समोर हौद असताना म्हातारी मागं कशाला गेली? मीही त्यांच्यात बसून म्हणाले, काय माहीत बाई.

परभणीच्या दवाखान्यात तिला न्यूमोनिया झाला. माझा नवरा भेटायला आला की हलता येत नसतानाही तिचा हात उशीपाशी पदर शोधायचा. एकदा तिनं त्याच्यापुढं दोन्ही हात जोडले. "जावईबापू, मला म्हाईत नव्हतं वो. चुकलं माझं." तो बिचारा गोंधळून गेला. मला बाहेर नेऊन विचारलं, मामी कशाबद्दल म्हणतायत? मी म्हणाले, तापात बरळतेय.

तो गेल्यावर मी आत आले. आई पूर्ण शुद्धीत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "लय रागावलेत का गं ते?" खोलीत आम्ही दोघीच होतो. तिला ऐकू येत होतं. मला बोलता येत होतं.

मी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "नाही गं. त्यांनी माफ केलंय तुला."

तिला बरं वाटलं. ती झोपली. पहाटे गेली.