साहेबाच्या रेडिओतली शिट्टी

पाटोद्याच्या सरकारी शाळेत मी गणित शिकवायचो आणि उरलेला सगळा जीव रेडिओत घालायचो. निजामाचं राज्य, त्यात लढाईचे दिवस; बिनपरवान्याचा रेडिओ सापडला तर नोकरी गेलीच म्हणून समजा. माझ्याकडं परवाना नव्हता. अक्कलही नव्हती म्हणा, पण हौस दांडगी.

मला असं यंत्र करायचं होतं की लहर लांब असो की आखूड, सगळी स्टेशनं सारखीच मोठी ऐकू यावीत आणि बॅटरी मात्र आठ दिवस पुरावी. ती भरायला मोटारीनं बीडला पाठवावी लागे. गावात वीज कुठली आलीय! दिवे, म्हणजे ते काचेचे व्हॉल्व्ह, वाढवले की आवाज वाढे अन् बॅटरी लगेच गार. शेवटी एकाच दिव्याकडून दुप्पट काम घ्यायची युक्ती केली. मोठी होऊन आलेली लहर परत त्याच दिव्यात घालायची, गाळलेला चहा पुन्हा त्याच पत्तीवर ओतावा तशी. काय सांगू! दिल्ली थेट कानात बोलायला लागली. मी छाती काढून हिंडलो.

त्याच आठवड्यात समोरच्या तहसीलदार साहेबांचा रेडिओ बिघडला. गावातला दुसरा रेडिओ तेवढाच. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की कुऊऽई करून शिट्टी. साहेबांनी मला बोलावलं. मला रेडिओतलं कळतं हे गावाला ठाऊक होतं. घरात एक आहे हे नव्हतं. मी जाऊन बसलो, अन् शिट्टी बंद! मी उगीच मागचं झाकण काढून फुंकर मारली. "मास्तर, तुमारे हात में जादू है," साहेब खूश. मग रोज बातम्यांना बोलावणं, वर चहा. एखाद्या दिवशी मी घरीच थांबलो की तिकडं शिट्टी, मी गेलो की गप. मला वाटे, आपली दहशतच तशी.

एके दिवशी मी खुर्चीत असतानाच रेडिओ केकाटला. वर-खाली, वर-खाली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आवाजाचं बटण जास्त पिळलं की माझं यंत्र अगदी तसंच ओरडायचं. म्हणजे माझा दिवा नुसता ऐकत नव्हता, लिंबाला बांधलेल्या एरियलच्या तारेवरून गावभर बोंबलत होता! पण मी तर इथं. मग बटणावर कोण?

पळत घरी गेलो. बायको कानाला हेडफोन लावून बटण पिळत बसलेली. "अवो, लई ग्वाड गाणं लागलंय, जरा मोठं करतेय."

"बंद कर बाई! नोकरी खातीस का माझी?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सगळं कबूल केलं. साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "तो फिर इत्ते दिन चाय काय की पीये?" आणि पोट धरून हसले. परवान्याचा अर्ज त्यांनी समोरच लिहून घेतला. अट एकच: शिट्टी ऐकू आली तर नोकरी जाईल.

उपाय होता. तार अन् तो बोंबल्या दिवा यांच्यामध्ये आणखी एक दिवा घातला. लहर आत येई, बोंब बाहेर जाईना. स्टेशनंही सारखी लागायला लागली. पण बॅटरी चार दिवसांत बसली, ऐन गाण्यात.

"शिट्टी त्यांची थांबली, मग बॅटरी आमची कावून जळावी?" बायको कडाडली.

"हळू बोल. नोकरी वाचली तेवढं बास हाय."

ऐकते कुठली! चुंबळ केली, बॅटरी डोक्यावर घेतली अन् भर दुपारी तहसीलदाराच्या ओट्यावर नेऊन ठेवली. "सायेब, ही भरून आणा," एवढंच म्हणाली. मी दाराआडून बघत होतो. पुढं जायची माझी काही छाती झाली नाही.

तेव्हापासून दर चार दिवसांनी साहेबांचा चपराशी आमच्या दारात यायचा अन् माझ्याकडं न बघता विचारायचा, "बाई, बॅटरी उतरली का?"