दादाचं हेवी लायसन

दादा माझा सख्खा भाऊ नाही. आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये तो माझ्या आधीपासून गाडी चालवायचा आणि वयानंही मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणत आलो. तो राहनाळचा, मी काल्हेरचा, दोन्ही भिवंडीजवळ. दोघांच्याही गावात पूर्वी भातशेती होती, आता गोडाऊन आहेत. त्या गोडाऊनमधला माल आम्ही गुजरातेत नेऊन टाकायचो आणि येताना केमिकलचे ड्रम भरून आणायचो. भिवंडीत कपडा रंगवायच्या कारखान्यांना लागतं ते केमिकल.

आमच्या दोघांच्या लायसनची मुदत योगायोगानं एकाच महिन्यात संपायची. साध्या गाडीचं लायसन एकदा काढलं की माणूस बरीच वर्षं त्याच्याकडे बघतही नाही. हेवीचं, म्हणजे ट्रकचं, तसं नाही. दर पाच वर्षांनी ते नवं करून घ्यावं लागतं. दर वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. धोक्याचा माल भरायचा असेल तर त्याचा वेगळा शिक्का, आणि तो शिक्का चालू राहावा म्हणून अधूनमधून दिवसभर वर्गात बसावं लागतं. आतापर्यंत मेडिकल म्हणजे एजंटकडे फोटो दिला की संध्याकाळपर्यंत दाखला हातात. कुठला डॉक्टर, त्याचं तोंडही आम्ही बघितलं नव्हतं. या खेपेला मात्र ज्या कंपनीचा माल आम्ही वाहतो तिनं अट घातली की ड्रायव्हर कंपनीच्या डॉक्टरसमोर उभा राहिला पाहिजे, आणि वर्गही कंपनीच्या सांगण्याप्रमाणेच झाला पाहिजे. दोन्ही एकाच दिवशी, काल्हेरच्या एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर.

त्या दिवशी आम्ही दोघंही थेट वापीहून आलो होतो. दोन गाड्या, पुढे दादाची, मागे माझी. मानकोलीला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. गाडी थोडी सरकवायची, ब्रेक दाबायचा, परत सरकवायची. क्लचवर ठेवून ठेवून पाय बधिर होतो. गोडाऊनला पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. ट्रान्सपोर्टच्या शेठचा फोन आला, "गाड्या खाली करू नका, बाजूला लावा. आधी वर्गाला बसा, मग राहनाळला जाऊन खाली करा." नळावर तोंड धुतलं, चहा घेतला आणि वर गेलो.

हॉलमध्ये एसी होता. तीच पंचाईत झाली. आमच्यासारखे तीस-एक ड्रायव्हर, कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी सोलापूरचा, कोणी आमच्याच गावकीतला. सगळे कुठून ना कुठून गाडी लावून आलेले. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ होते, पांढरा शर्ट, आवाज नरम. त्यांनी पडद्यावर चौकोनी खुणा दाखवल्या, हा जळणारा माल, हा कातडी भाजणारा, हा पाण्याला लागू द्यायचा नाही. हिंदीत सांगत होते, मधेच मराठीत. पहिल्या रांगेतली मान पडली, मग दुसरी. थोड्या वेळानं कोणी घोरायलाही लागलं.

मास्तर पुढच्या धड्यावर आले. पडद्यावर चित्र होतं, स्टिअरिंगवर डोकं टेकलेला ड्रायव्हर. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग आमच्याकडे. म्हणाले, "याच्यावर मी तुम्हाला काय सांगणार? झोपा अर्धा तास. नंतर बघू." आणि त्यांनी स्वतः उठून दिवे बंद केले. खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले. मलाही त्या माणसाची दया आली. रोज असाच हॉल त्यांच्या वाट्याला येत असणार.

मी टेबलावर हात ठेवून डोकं टेकवलं. डोळा लागायच्या आत दादानं कोपरानं ढोसलं.

"झोपलास?"

"झोपतोय."

"डोळ्याचा तक्ता बघितलास का? बाजूच्या खोलीत लावलाय."

"मग?"

"तू आधी जाशील ना? नावं तशीच लावलीत."

मी मान वर केली. अंधारात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो झोपेला आलेला नव्हता एवढं कळलं. आमच्यातला सगळ्यात दमलेला तोच असायला हवा होता. तो हळू आवाजात बोलत राहिला.

"वरच्या मोठ्या ओळी मना दिसतात. खालच्या दोन ओळींची अक्षरं तू बाहेर आल्यावर सांग. मी पाठ करीन. एबीसीडी येते मना."

ती त्याला खरंच येत होती. शाळा त्यानं चौथीतच सोडली होती. इंग्रजी अक्षरं तो पुढच्या गाड्यांच्या नंबर प्लेटा वाचून वाचून शिकला, हे त्यानंच मला कधीतरी जेवताना सांगितलं होतं.

"आणि उजवा डोळा झाकायला सांगितला तर?" मी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. वर्षभर मी त्याच्या मागून गाडी चालवत होतो. डाव्या बाजूनं बॅक मारताना तो पूर्वीसारखा सफाईनं मारत नव्हता. दोनदा त्यानं गोडाऊनच्या धक्क्याला गाडी घासली. आणि पावसाळ्याच्या आधी काशेळीच्या पुलाअलीकडे एक बाई स्कूटरवरून त्याच्या डाव्या अंगाला आली होती, मागे शाळेच्या कपड्यातली मुलगी. दादा गाडी डावीकडे दाबत चालला. मी मागून हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. बाई कशीबशी पुढे निघून गेली. पुढे ढाब्यावर उतरल्यावर मी त्याला विचारलं, "दिसली नाही का?" तर म्हणाला, "उन्हाची तिरीप आली रं." ते तेवढ्यावरच राहिलं.

"दादा," मी म्हटलं, "मी नाय सांगणार."

"का?"

"काशेळीची बाई."

"वाचली ना ती?"

"वाचली."

त्यानं हाताची घडी घातली आणि पडद्याकडे बघत बसला. पडद्यावर काहीच नव्हतं. मला झोप आली नाही. मघाशी उभ्यानं येत होती, ती आता गेली होती.

दिवे लागले, धडा संपला, आणि एकेकाला बाजूच्या खोलीत बोलवायला लागले. डॉक्टर तरुण बाई होत्या, सगळ्यांना काका म्हणायच्या. माझा रक्तदाब, कान, गुडघे, सगळं झालं. तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. लाल-हिरवे ठिपके ओळखले. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "काका, झोप पुरेशी घ्या." मी हो म्हटलं.

बाहेर आलो तर दादा दाराशीच उभा. त्यानं काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. तो आत गेला. दार अर्धवट उघडं होतं आणि मी तिथून हललो नाही. आता वाटतं की हलायला हवं होतं.

दोन्ही डोळे उघडे असताना त्यानं बरंच वाचलं. डावा झाकल्यावरही वाचलं, अडखळत. मग बाई म्हणाल्या, "आता उजवा झाका." त्यानं तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला. त्याचा हात मला दिसत होता, बोटांना ताडपत्रीच्या दोरीचे वळ. बाईंनी विचारलं, "सगळ्यात वरचं अक्षर?"

बाईंनी तक्त्याच्या वरच्या टोकाला बोट लावलं.

"काका, वरचं मोठं अक्षर. अंदाजानं सांगा."

वरचं अक्षर त्याला माहीत होतं. आताच तर वाचलं होतं. ते बोलून टाकता आलं असतं.

"मॅडम," तो म्हणाला, "दिसत न्हाय."

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले."

"घरी माहीत आहे?"

"न्हाय."

बाईंनी बॅटरी घेऊन डोळ्यात बघितलं. साखर आहे का विचारलं. होती, तीही त्यानं कुठे सांगितली नव्हती. गोळ्या घ्यायचा, पण प्रवासात जेवणाचा ठिकाणा नसल्यानं कधी घ्यायचा, कधी नाही. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं की साखरेनं डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतो, गेलेलं परत येणं अवघड आहे, पण उजवा वाचवायचा असेल तर लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा. मग म्हणाल्या, "काका, मला फिट लिहिता येणार नाही."

"नका लिहू," दादा म्हणाला.

तो बाहेर आला, जिन्यानं खाली गेला आणि गाडीच्या सावलीत टायरला टेकून बसला. मी शेजारी बसलो. शेठला फोन मीच केला. शेठ आधी चिडले, मग त्यांनी विचारलं, "त्याची गाडी कोण खाली करणार?" म्हटलं, माझी खाली झाली की परत येऊन त्याची नेतो. चावी दादानं खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली आणि माझ्याच गाडीत, क्लिनरच्या बाजूला चढून बसला. एवढ्या वर्षांत त्याला त्या बाजूला बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

गेटमधून रस्त्याला लागतो न लागतो तोवर त्याला झोप लागली. अंजूर फाट्याला हॉर्नचा कल्लोळ होता. एक रिक्षावाला माझ्या नावानं शिव्या देत होता. कंटेनरवाला आडवा घुसला म्हणून मी करकचून ब्रेक मारला. दादा उठला नाही. तोंड उघडं, डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटत होतं. मी टॉवेलची घडी करून मधे सरकवली. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. माझ्या खिशात फिट असल्याचा दाखला होता, म्हणजे पुढची पाच वर्षं मीच ही गाडी हाकणार होतो. आज अजून दुसरी गाडी आणायची होती, उद्या परत वापी.

राहनाळला त्याला घराशी सोडलं तेव्हा वहिनी ओट्यावर सुकट निवडत होती. दादा आत जाऊन परत आडवा झाला. तिनं मला विचारलं, काय झालं? सांगितलं. तिनं सुपातला हात थांबवला.

"तू हुतास ना बरोबर? मग डॉक्टरीन बाईला काय बोलला न्हायस?"

"काय बोलणार वहिनी? डोळाच नाय चालत."

"आमचं घर त्या डोल्यावरच चालतंय," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली. चहा विचारला नाही. त्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं.

पुढे बरेच दिवस मी तिकडे गेलो नाही. ट्रिपच्या मागे ट्रिप लागत गेल्या. दादाच्या गाडीवर नवा पोरगा आला, लायसन नवंकोरं, हात चांगला, पण आम्ही जेवायला थांबलो की तो मोबाईल घेऊन एकटाच बसायचा. दादाच्या डोळ्यावर ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात लेझर केलं असं कळलं. उजवा टिकला. शेठनं त्याला राहनाळच्या गोडाऊनच्या गेटवर घेतलं. गाडीचा नंबर लिहायचा आणि गाडी मागे घेताना शिट्टी मारायची. पहिल्यांदा मी माझी गाडी तिथे नेली तेव्हा त्यानं शिट्टी मारली, बरोबर जागेवर लावून दिली, आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या गाडीकडे गेला. मला वाईट वाटलं, पण उतरून बोलायचंही त्राण नव्हतं.

बोलणं सुरू झालं ते अकलोलीला. वहिनीचाच फोन आला होता. म्हणाली, यांचे गुडघे धरलेत, तुझी सुट्टी असंल तर गरम पाण्याच्या कुंडाला घेऊन जा, बसनं जायला मागत न्हाय. आवाज साधा होता, जणू मधे काही झालंच नव्हतं. मी माझ्या मोटरसायकलवर त्याला घेऊन गेलो. सकाळची वेळ, कुंडाशी चार-पाच म्हातारी माणसं आणि पूजेचं साहित्य विकणारी एक बाई. दादा पाण्यात गळ्यापर्यंत बसला. मी पायरीवर पाय सोडून बसलो. पाणी चटके देणारं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "त्या दिवशी तू अक्षरं सांगितली असतीस तर मी घेतली असती."

"माहितीये."

"मग राग तुझ्यावर का धरला, कळत न्हाय."

"धरायला मीच होतो समोर."

तो हसला. तोंडावर पाणी मारून घेतलं. मग गेटवरचं सांगत राहिला, दिवसभर उभं राहून पाय कसे सुजतात, नवे ड्रायव्हर शिट्टी ऐकतच नाहीत, आरशात बघायच्या ऐवजी कॅमेऱ्यात बघतात. "गाडी चालवताना वाटायचं, कदी एकदा सुटतो यातनं," तो म्हणाला. "आता सुटलो, तर रस्त्यानं भरलेली गाडी गेली की तिच्या मागं बघत उभा ऱ्हातो. शेठ दोनदा ओरडला."

"मला तर वाटतं मलाही कोणी नापास करावं," मी म्हटलं.

"तुला कोण करंल? तुझे डोले चांगले हायेत."

तेवढ्यात शेठचा फोन आला. दुपारी भरायला गाडी लागणार होती, नवा पोरगा आजारी पडला होता. मी हो म्हटलं. दादाला म्हटलं, चल, उठ, तुला सोडतो आणि जातो.

"तू जा," तो म्हणाला. "मी येतो बसनं."

"वहिनी म्हणाली, तू बसला नको म्हणतोस."

"आज म्हणत न्हाय."

मी टॉवेल आणि चपला त्याच्या हाताशी सरकवून ठेवल्या, बूट घातले आणि निघालो. वज्रेश्वरीचा चढ उतरेपर्यंत पाय गरम होते. पुढे अंबाडीला ट्रॅफिक लागलं.