काडीमोडीचा पुरावा

औरंगाबादेत वकिली सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझ्या सख्ख्या मावशीबद्दलचा एक शब्द मला कोर्टाच्या कागदावर टाइप केलेला वाचावा लागला: ठेवलेली. लिहून देणारा तिचा दीर. मावशीचे यजमान वारले, तेरावं उरकलं न उरकलं तोच त्यानं शेतीला एकट्याचं नाव लावून घेतलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती हक्क मागायला कोर्टात गेली, तर यानं कैफियतीत म्हटलं की ही माझ्या भावाची बायको नव्हतीच. बावीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस. अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्याचं म्हणणं असं, की मावशीचा पहिला नवरा जिवंत आहे आणि त्याच्यापासून तिचा घटस्फोट झालेला नाही. घटस्फोट म्हणजे कोर्टातला. सिल्लोडकडच्या आमच्या गावी तो कोर्टात होतच नसे. पाच पंच बसत, नवरा त्यांच्यासमोर काडी मोडून टाकी, की दोघं मोकळे. मग बाईचा दुसऱ्याशी पाट लावून देत. मांडव नाही, वाजंत्री नाही, पण तेही लग्नच. कायद्यालाही हे चालतं, मी परीक्षेत त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. फक्त अशी रूढी समाजात पूर्वापार चालत आली आहे, हे सिद्ध करावं लागतं. माझ्या सीनियरनी सांगितलं, मावशीच्या काडीमोडीला बसलेले पंच शोधून आण.

पाचांतले चार गेले होते. पाचवे आजोबा चिकलठाण्याला नातवाकडं राहत. मी स्वतः रिक्षात बसवून त्यांना घेऊन आले. काडी कडब्याची होती, दिवस कापूस वेचणीचे होते, सगळं त्यांनी नीट सांगितलं. निजामाच्या काळात मोडत होते तशाच पोलीस ॲक्शननंतरही काड्या मोडत राहिले, हेही सांगितलं. अशा किती पाहिल्या, तर म्हणाले, लई. मग पलीकडच्या वकिलानं विचारलं, कुणाकुणाच्या? नावं सांगा. न्यायाधीशांनीही तेच विचारलं. तीन-चार नावं घेतली असती तरी आमचं काम झालं असतं. मी मागून हात जोडायच्या बेतात होते.

"त्या बाया आपापल्या घरी नांदत्यात," आजोबा म्हणाले. "नातवंडं झालीत त्यांना. दुसऱ्याच्या लेकीबाळींची नावं मी कचेरीत घेणार नाय."

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. आता त्यांचा येत नाही. भल्या माणसाकडून चारचौघांत बायकांची नावं वदवून घेतल्याशिवाय ज्याला त्याचं खरं वाटत नाही, त्या कायद्याचा येतो.

पहिल्या नवऱ्याला मात्र कसलाच संकोच नव्हता. दिराच्या बाजूनं पिंजऱ्यात उभं राहून तो म्हणाला, काडीबिडी काही मोडली नाही, ती रुसून माहेरी गेली. खरं तर काडी मोडून महिना झाला नव्हता, तोवर यानं वाजतगाजत दुसरी बायको आणली होती. तिची तीन पोरंही होती. मग तुमचं ते लग्न कसलं, असं आमच्या सीनियरनी विचारताच पलीकडून हरकत आली आणि ती मान्य झाली. तो मुद्दा या दाव्यात नाही, म्हणे. पुरुषाच्या दोन बायका मुद्द्यातच नाहीत, आणि बाईच्या एका काडीवर तीन वर्षं तारखा पडतात, हा कुठला न्याय?

निकाल विरुद्ध गेला. रूढी सिद्ध झाली नाही, सबब पहिला विवाह कायम, सबब पाट अवैध.

मावशी बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. शेती गेली, हे तिनं नुसतं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, कोर्टाच्या हिशेबी ती अजून त्या पहिल्याचीच बायको आहे का. कायद्यानं हो, असं मी म्हणाले.

"तो तर जिता हाय," ती म्हणाली. "मग मी कुकू कुणाच्या नावाचं पुसलं गं?"