तिसरं फूल

वेलिकाताई माझ्याकडे आली ती शिकायला नाही, काम सांगायला. आमच्या द्र्यानोवो गावच्या वाचनालयात मी म्हाताऱ्या माणसांना संगणक शिकवते. बहुतेकांना परदेशातल्या नातवंडांचे चेहरे बघायचे असतात, तेवढं जमलं की वर्ग रिकामा. ही मात्र पहिल्याच दिवशी पिशवीतून खाकी कागद काढून टेबलावर पसरून बसली. शिवणकारखान्यात तिनं जन्मभर कोट बेतले होते, त्याच हातानं पट्टी लावून पानं आखून आणली होती.

"अशी रोजनिशी पाहिजे, टॅबवर उघडणारी," ती म्हणाली. "एक आठवण, एक पान. डावीकडे लाल्यो बोलेल, उजवीकडे मी. आणि कडेला माया सोड, शिवणीत सोडतात तशी, मागून काही आठवलं तर घालायला."

"वहीत लिही की, ताई."

"लाल्योला आता वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, पण कळत नाहीत. आवाज ओळखतो. माझा ओळखतो, अजून."

ते 'अजून' तिनं इतक्या सहज म्हटलं की मी तिची पानं पुढे ओढली.

लाल्यो तिचा नवरा. गाब्रोवोची बस चालवायचा, आणि जड पिशवीवाली बाई दिसली की थांबा नसतानाही थांबवायचा. आता तो घरातल्या घरात वाट चुकत होता. त्यांचा एकुलता एक मुलगा ओग्न्यान बांधकामावरून पडून गेला, त्याला बरीच वर्षं झाली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दर वर्षी त्या दिवशी त्याच्या फोटोचा नवा कागद, काळ्या चौकटीतला, आमच्या इमारतीच्या दारावर लागायचा. लाल्यो विसरायला लागला तसा तो कागद वैरी झाला. पाव घेऊन यायचा, दारात थबकायचा, फोटो बघायचा, आणि आत्ताच बातमी कळल्यासारखा मटकन खाली बसायचा. पुन्हा पुन्हा. शेवटी वेलिकानं एक दिवस कागद खरवडून काढला.

"पोटच्या पोराला दारावरून पुसलं हो," तळमजल्यावरची गिन्का म्हणाली.

मी तिला तिथेच सुनावलं, "लाल्योला जमिनीवरून उठवायला तू येतेस का? नाही ना? मग तोंड आवर." पण खरं सांगते, मलाही ते मोकळं दार बघवत नव्हतं.

रोजनिशीत ओग्न्यान असायला हवा, पण जिवंत, ही वेलिकाची अट होती. लाल्योनं विचारलं की मुलाचं पान उघडायचं, बालपण ऐकवायचं, आणि तो बुर्गासला कामाला गेलाय म्हणायचं.

"हे खोटं आहे, ताई."

"आहे. मग?"

"मग काही नाही," म्हणून मी कामाला लागले.

फुलांची कल्पना माझी. दोघांपैकी एकानं आठवण सांगितली की पानावर एक फूल उमटेल, दोघांनी सांगितली की दोन. कुणाचं बोलायचं राहिलंय ते लगेच दिसेल. मी शाबासकीची वाट बघत होते. वेलिकानं पहिलं पान पाहिलं, लग्नानंतरच्या बाल्चिकच्या सहलीचं, आणि टॅब पालथा ठेवला.

"दोन फुलं? माझ्या सहलीवर? पोरी, डोकं कुठं ठेवून आलीस? जिवंत माणसाला एक, तीन, पाच. जोडीची फुलं थडग्यावर नेतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्म गेला इथे, बारशालग्नाला फुलं मोजूनच नेली, आणि पडद्यापुढे बसल्यावर अक्कल गहाण पडली.

"दोघं बोललो की तिसरं घाल," तीच म्हणाली. "दोन आमची, तिसरं ज्याची आठवण त्याचं."

"आणि सहलीच्या पानावर कुणाचं?"

"फोटो काढणाऱ्याचं. कुणीतरी असतंच."

हिवाळाभर पानं भरत गेली. बाल्चिकला पाऊस होता, असं वेलिका सांगते. कडक ऊन होतं, असं लाल्यो सांगतो. एक खोडू का, मी विचारलं. "कशाला? आम्ही दोघंही तिथे होतो," ती म्हणाली.

ओग्न्यानचं पान तिनं मागे ठेवलं होतं. ते उघडलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते, लिंडनच्या फुलोऱ्याचा चहा समोर. टॅबमधून तिचा आवाज सुरू झाला. ओग्न्यान बसमध्ये बापाच्या मागे बसायचा आणि प्रत्येक थांब्याचं नाव ओरडून सांगायचा. लाल्यो हसला.

"मी मुद्दाम चुकीचं नाव घ्यायचो," तो म्हणाला. "मग चिडायचा. कान लाल व्हायचे त्याचे."

त्याचं बोलणं पानात गेलं आणि तीन फुलं उमटली. लाल्योनं एकेकावर बोट ठेवलं.

"हे माझं. हे तुझं. हे कुणाचं?"

"ओग्न्यानचं," वेलिका म्हणाली. "तो बुर्गासला गेलाय ना, कामाला."

"एक काढ."

"राहू दे रे. तीन बरी दिसतात."

"वेलिके, आपल्या पोराला तीन नेत नाहीत," लाल्यो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "एवढं तरी मला बरोबर करू दे."

वेलिकानं माझ्याकडे पाहिलं. मी तिसरं फूल काढलं.

तो रडला. पण खुर्चीत बसून रडला, तिचा हात धरून. आजवर तो एकटा कोसळायचा आणि ती डोळे कोरडे ठेवून त्याला उठवायची. त्या दिवशी ती उठवायला गेली नाही. तीही रडली, किती वर्षांचं साठलेलं कोण जाणे. मी चहाचे कप उचलून मोरीपाशी जाऊन उभी राहिले.

ओग्न्यानचा नवा कागद मी वाचनालयात छापला. दारावर तिनं स्वतः लावला, आणि आता दारापर्यंत ती लाल्योबरोबर जाते.

कागद लावला त्याच संध्याकाळी लाल्योनं विचारलं, "ओग्न्यान दिसत नाही कुठे?"

वेलिकानं बुर्गासचं नाव घेतलं नाही. तिनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली, दोन फुलांचं पान उघडलं, आणि म्हणाली, "बस. दोघं मिळून ऐकू."