शिंगरू मोठं झालं

त्या टांगेवाल्याला मी एकदाच भेटले. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मला एकटीला माटुंग्याच्या कॉलेजात पाठवावं की नाही, हे आत्याला विचारायला वडील मला घेऊन मुलुंडला आले होते. स्टेशनवरून आम्ही त्याचा टांगा केला.

टांगेवाला साठीचा होता, तोंडात दोनच दात. बोलताना सारखा तट्टाच्या पाठीवरून हात फिरवायचा.

"हा दोन वर्षांचा झाला तेव्हाच जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आता खच्ची करून घ्या, नंतर आवरणार नाही. मला वाटलं, शिंगरूच आहे अजून, भरू दे अंगानं. आता तीन पुरी झाली."

एवढ्यात समोरून वरात आली. नवरदेवाची पांढरी घोडी दिसताच तट्टू खिंकाळलं आणि टांग्यासकट तिच्यामागे सुटलं. बँडवाले गटारात उतरले. नवरदेव घोडीच्या मानेला मिठी मारून "आई गं!" म्हणून ओरडू लागला. वडील टोपी सावरत होते आणि मी पोट धरून हसत होते.

चौघांनी मिळून तट्टाला आवरलं. टांगेवाल्यानं त्याच्या घामेजल्या मानेवर कपाळ टेकलं.

"उद्याच नेतो डॉक्टरांकडे. साहेब, पोर मोठं झालं की साऱ्या गावाला दिसतं. घरच्यालाच तेवढं दिसत नाही."

उरलेल्या वाटेत वडील वळून वळून माझ्याकडे पाहत होते. आत्याकडे त्यांनी काही विचारलंच नाही. चहा घेता घेता म्हणाले, "जूनपासून ही एकटी कॉलेजला जाणार."

आनंदानं मी बशीतला सगळा चहा साडीवर सांडला.